हे पिल्लू टर्कीचं आहे का? परड्यात सांभाळायचं आहे

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी.

आम्ही भिलवडीजवळ, नदीपासून जरा उंचावर राहतो. घरामागं चांगलं मोठं परडं आहे. शेवगा, चिक्कू, कढीपत्ता, एका अंगाला गोठा आणि त्याला लागून जुनं खुराडं. सासऱ्यांनी आठवडी बाजारातून गावठी कोंबडीची पिल्लं आणली, त्यात एक निराळंच निघालं. विकणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, "जातिवंत हाय आबा, लई थोराड हुतंय." कशाचं ते काही त्यानं सांगितलं नाही.

बाकीच्या पिल्लांपेक्षा हे उंच. पाय लांब, मान बारीक. अंगावर पिवळसर तपकिरी लव आणि पाठीवर गडद पट्टे. पंखांची पिसं फुटलीत. शेपटीची अजून इवलीशी आहेत, पण तेवढीच फुलवून उभं राहतं. म्हणून शेजारचे मामा म्हणतात मोराचं. सासरे म्हणतात गिनी कोंबडी. मुलगी म्हणते टर्की, आणि तिनं त्याचं नाव 'ढब्बू' ठेवूनही टाकलंय.

चोचीच्या मुळाशी, वरच्या अंगाला, बारीकसा मांसाचा कोंब आहे. तो रोगाचा आहे का, देवीचा फोड वगैरे? आणि हे जगवायचं कसं? कापायला नाही, विकायला नाही. घरचं म्हणून सांभाळायचं आहे.

रानपाखरू

ताई, आधी मोराचा प्रश्न निकाली काढू, कारण तो कायद्याचा आहे. मोर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. अंडी उचलून आणणं, पिल्लू घरात ठेवणं, सगळं गुन्ह्यात मोडतं. तसं असतं तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा, एवढंच मी सांगितलं असतं.

पण तुमच्या वर्णनावरून मोर वाटत नाही. शेपूट फुलवण्यावर जाऊ नका, टर्कीची पिल्लंही लहानपणापासून शेपूट फुलवतात. डोकं बघा. मोराच्या पिल्लाला काही आठवड्यांतच तुऱ्याची बारीक पिसं उठायला लागतात, आणि पंखांत तांबूस बदामी रंगाची पिसं दिसतात. गिनीच्या पिल्लाचे पाय आणि चोच नारिंगी असते, डोक्यावर ठळक काळे पट्टे असतात, आणि आवाज कर्कश. ढब्बूचे पाय कोणत्या रंगाचे आहेत?

येरळाकाठ

ताई, टर्कीच. चोचीवरचा तो कोंबच तुमचं उत्तर आहे. रोगबिग काही नाही. अंड्यातून निघाल्यापासून तो नरालाही असतो आणि मादीलाही. कोंबडीच्या, गिनीच्या, मोराच्या कुठल्याच पिल्लाला तो नसतो. मोठेपणी नराचा हाच कोंब लांब होऊन चोचीवरून खाली लोंबतो. आमचा विट्याकडं अंड्यांच्या कोंबड्यांचा धंदा आहे, पण मळ्यात हौसेनं टर्क्या सांभाळतो, म्हणून खात्रीनं सांगतोय.

अंगावर पट्टे आहेत म्हणजे ब्राँझ जातीचं किंवा आपल्याकडं फिरतं ते मिश्र रंगाचं असणार. पांढऱ्या जातीचं पिल्लू सरसकट पिवळं असतं. आता पुढं डोक्यावरची लव विरळ होत जाईल आणि डोकं-मान उघडी पडेल. तेव्हा घाबरू नका, पिसं झडतात म्हणून औषधं देऊ नका. टर्कीचं डोकं तसंच असतं.

कृष्णाकाठची

रानपाखरू, पाय फिकट गुलाबी आहेत, चोचही तशीच. नारिंगी अजिबात नाही. कोंब ज्वारीच्या दाण्याएवढा आहे, मऊ आहे, खपली नाही.

मग टर्कीच म्हणायचं. सासऱ्यांना वाचून दाखवलं. आता खरी काळजी सांगते. ते खात नाही. खाद्याच्या ताटलीत उभं राहतं, पण खाली बघत नाही. बाकीची पिल्लं भराभर टिपतात आणि हे मध्येच मान वर करून ओरडत सुटतं. मी जवळ बसले की माझ्या पायातल्या जोडव्याला टोचतं. परत परत त्यालाच. हातात धरलं तर छातीचं हाड लागतंय. काय करू?

गुरांचा_डॉक्टर

ताई, तुम्ही जोडव्याचं लिहिलंत ते फार कामाचं आहे. टर्कीचं पिल्लू चोच मारायला चकाकणाऱ्या आणि रंगीत वस्तूकडं धावतं, ताटलीतल्या भुरक्या भरड्याकडं त्याचं लक्षच जात नाही. कोंबडीचं पिल्लू पहिल्या दिवशी आपलं आपण टिपायला लागतं. टर्कीच्या पिल्लाला शिकवावं लागतं. समोर खाद्य असून उपासानं मेलेली टर्कीची पिल्लं मी पाहिली आहेत.

आजच्या आज हे करा. मुलांच्या खेळण्यातल्या रंगीत काचेच्या गोट्या स्वच्छ धुऊन पाण्याच्या पसरट भांड्यात टाका. त्यांना टोचायला जाईल आणि चोच पाण्यात बुडेल. गोट्या मोठ्या घ्या, गिळता येतील अशा नकोत. खाद्यावर उकडलेलं अंडं बारीक कुस्करून आणि कोथिंबिरीची किंवा शेवग्याची पानं चिरून पसरा. हिरव्या रंगावर ही पिल्लं हमखास झडप घालतात. मग तुमच्या बोटानं ताटलीत टकटक वाजवत राहा, कोंबडी चोचीनं दाखवते तसं. शिकेल.

आता खाद्य. कोंबडीच्या पिल्लांचं नेहमीचं खाद्य याला पुरत नाही. टर्कीच्या पिल्लाला पहिल्या महिन्यात २८ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं लागतात. आपल्याकडच्या दुकानात टर्कीचं वेगळं खाद्य सहसा मिळत नाही, म्हणून लोक ब्रॉयलरचं प्री-स्टार्टर देतात, त्यात २२-२३ टक्के असतात. त्यावर रोज थोडं उकडलेलं अंडं दिलं की बऱ्यापैकी भागतं. पण पोत्यावरचं लेबल वाचल्याशिवाय घेऊ नका. रक्ती हगवण होऊ नये म्हणून ब्रॉयलरच्या खाद्यात औषध मिसळलेलं असतं. त्यातलं सॅलिनोमायसिन कोंबडीला चालतं, टर्कीला ते विष आहे. पाय लुळे पडतात आणि पक्षी जातो. लेबलवर ते नाव दिसलं, किंवा औषधाचं नावच छापलेलं नसेल, तर ते पोतं ढब्बूसाठी नको.

आणखी एक. टर्कीला निकोटिनिक आम्ल, म्हणजे बी गटातलं एक जीवनसत्त्व, कोंबडीपेक्षा बरंच जास्त लागतं. कमी पडलं तर पाय वाकतात, घोट्याचा सांधा सुजतो. पाण्यातून बी-कॉम्प्लेक्स द्या. प्रमाण तुमच्या दवाखान्यातून पिल्लाचं वजन सांगून घ्या.

कृष्णाकाठची

डॉक्टरसाहेब, गोट्या टाकल्या. पहिल्यांदा भांड्याभोवती फिरून आलं, मग निळ्या गोटीला टोच मारली, मान वर करून पाणी गिळलं, आणि परत खाली! मुलगी तिथंच बसून होती, ओरडतच आत आली. अंडं आणि कोथिंबीर आता ताटलीतून खातंय. जिवात जीव आला.

घरात शेंगपेंड आहे, म्हशीला घालतो ती. सोयाबीनही घरचं आहे. प्रथिनांसाठी ते भरडून घातलं तर चालेल का?

गुरांचा_डॉक्टर

कच्चं सोयाबीन नको. त्यात प्रथिनांचं पचन अडवणारे घटक असतात, ते उष्णतेनं जातात. चांगलं भाजून भरडलं तर थोडं चालेल.

शेंगपेंडीचं मात्र नीट ऐका, कारण आपल्या भागात ती घरोघरी असते. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्कीची पिल्लं अचानक मरायला लागली. काही महिन्यांत एक लाखाच्या वर गेली. रोग कुठला ते कुणाला कळेना, म्हणून नावच 'टर्की एक्स' पडलं. शोध घेता घेता माग लागला तो ब्राझीलहून आलेल्या शेंगपेंडीचा. पेंडीला बुरशी आली होती, आणि त्या बुरशीनं तयार केलेलं विष पिल्लांचं यकृत जाळत होतं. अफ्लाटॉक्सिन हे विष जगाला कळलं ते या टर्क्यांमुळं. आज माणसाच्या खाण्यातल्या शेंगदाण्याची, मक्याची अफ्लाटॉक्सिनसाठी तपासणी होते, तिचं मूळ त्या खाद्यात आहे.

म्हशीला खपून गेली म्हणून ती पेंड पिल्लाला चालेल असं नाही. टर्की या विषाला फारच नाजूक. आणि बुरशी झटकली, पेंड उन्हात घातली, तरी विष आतच राहतं. कोंदट वास येणारी पेंड, काळपट मका, पावसात भिजून वाळवलेली कणी यातलं काहीही देऊ नका.

आजीचं_खुराडं

अग बाई, मी इतकी वर्षं कोंबड्या पाळतेय, पेंडीचं हे ठाऊक नव्हतं. कृष्णाकाठची, ऊब कशी देतेस ते सांग. फेब्रुवारीची पहाट अजून गार आहे आणि तुझ्या पिल्लाला आई नाही. पायाखाली काय घातलंस?

कृष्णाकाठची

आजी, लाकडी खोक्यात वर्तमानपत्र घातलंय आणि वरून बल्ब सोडलाय.

आजीचं_खुराडं

वर्तमानपत्र काढ पोरी, लगेच. त्यावर पाय घसरतात आणि पिल्लू फेंगडं होतं. एकदा पाय फाकले की सरळ करणं अवघड. भाताचा तूस मिळाला तर तो घाल, नाही तर शेंगांची टरफलं बारीक करून. पहिले दोन-तीन दिवस त्यावर जुनं गोणपाट अंथर, नाही तर ते तूसच टिपत बसेल. ओलं झालं की तेवढं उचलून टाकायचं.

बल्बची ऊब पिल्लाकडं बघून ठरवायची. बल्बखाली अंग चोरून ओरडत असेल तर गार लागतंय, बल्ब खाली घे. लांब कोपऱ्यात जाऊन चोच उघडून धापा टाकत असेल तर वर घे. मजेत इकडं-तिकडं फिरत असेल तर बरोबर आहे.

येरळाकाठ

आजींचं सोळा आणे खरं. आकडाच हवा असेल तर पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या उंचीवर ३५ अंश, मग दर आठवड्याला साधारण ३ अंशांनी कमी. तुमचं पिल्लू पंख फुटलेलं आहे, म्हणजे आता २९-३० पुरेत. बल्ब वायरवर लोंबकळत ठेवू नका, साखळीनं किंवा तारेनं पक्का बांधा. तुसात पडला तर आग लागते. लाईट गेली तर बाटलीत गरम पाणी भरून फडक्यात गुंडाळून जवळ ठेवायचं.

अजिंक्यतारा

छान चाललाय धागा. कृष्णाकाठची, पुढं काय? खोक्यातून बाहेर काढल्यावर कोंबड्यांतच सोडणार ना? साताऱ्यात आमच्या मित्राच्या शेतावर टर्की, कोंबड्या, बदकं सगळी एकत्र फिरतात. काही होत नाही. पक्ष्याला सोबत मिळते.

गुरांचा_डॉक्टर

अजिंक्यतारा, काही परड्यांत काही होत नाही हे खरं. पण ज्या परड्यात होतं तिथं टर्क्या पटापट जातात, म्हणून मी कुणालाही एकत्र ठेवा असं सांगत नाही.

कारण असं. कोंबडीच्या आतड्याच्या टोकाला, अंधांत्रात, बारीक जंत असतात. त्या जंतांच्या अंड्यांत हिस्टोमोनास नावाचा परजीवी दडून राहतो. कोंबडीला त्याचा सहसा फारसा त्रास नाही. ती जंतांची अंडी विष्ठेतून जमिनीत टाकते, आणि ती तिथं वर्षानुवर्षं टिकतात. गांडुळं ती अंडी खातात. टर्कीनं माती टिपली किंवा गांडूळ खाल्लं की परजीवी तिच्या आतड्यातून यकृतात पोचतो. मग पक्षी पंख पाडून, मान खाली घालून उभा राहतो आणि विष्ठा गंधकासारखी पिवळी होते. ती दिसली की धावत दवाखान्यात यायचं. उशीर झाला तर हाती फार काही उरत नाही.

त्यामुळं ताई, जिथं कोंबड्या कित्येक वर्षं हिंडल्यात ती जमीन ढब्बूसाठी नको. परड्याचा कोरा कोपरा निवडा, जाळी मारा. खुराड्यातली घमेली, पाण्याची भांडी इकडची तिकडं करू नका. कोंबड्यांना जंताचं औषध वेळच्या वेळी पाजा, म्हणजे मुळातच अंडी कमी पडतील.

कृष्णाकाठची

कळलं, आणि पटलंही. आजच ढब्बूचं खोकं खुराड्यापासून लांब, पडवीत आणलं. पण डॉक्टरसाहेब, ते आता दिवसभर हंबरडा फोडतंय. खातं, पितं, पण माणूस नजरेआड झालं की सुरू. आम्ही सगळे शेतात असतो, मुलगी शाळेत. सासूबाईंच्या पदराखाली बसलं की गप्प. त्यांनाही लळा लागलाय, पण किती वेळ बसणार?

माणदेशी

ताई, मी स्पष्ट लिहितो, रागावू नका. एकटी टर्की पाळणं हे पाखरावर अन्याय आहे. थव्यानं राहणारा पक्षी आहे तो. रानातली टर्की आई पिल्लांना महिनोन्महिने सोबत घेऊन फिरते. ढब्बूला कोंबड्या नकोत हे डॉक्टरांनी सांगितलं, मग दुसरी टर्की आणा. माणसाच्या मांडीवर वाढलेलं एकटं पिल्लू माणसालाच आपली जात समजतं. लहान असताना गोड वाटतं. पण तो नर निघाला तर मोठा झाल्यावर माणसाशीच झुंजायला येतो. अंगावर उडी घेतो, पायातल्या आऱ्यांनी मारतो. मग घरातली माणसं त्याला काठी उगारतात, आणि एक दिवस तो लोकांच्या ताटात जातो. पाळणाऱ्याच्या मायेचा शेवट असा झालेला बघवत नाही.

म्हसवडकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याकडं टर्क्या आहेत. त्याच्याकडं याच वयाचं पिल्लू असेल तर विचारतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

हळदबाजार

दोन आणताय तर दहा आणा की. नाताळात गोव्याच्या हॉटेलांत मागणी असते. नर मोठा झाला की वजन भरपूर भरतं. परड्याचा उपयोग होईल, चार पैसे सुटतील.

कृष्णाकाठची

हळदबाजार, सल्ल्याबद्दल धन्यवाद, पण आमचं ठरलंय. धंद्याचा विचार नाही.

माणदेशी दादा, रागावण्यासारखं काही नाही. तुमचं वाचून यजमान म्हणाले, आणू. व्यनि बघते.

येरळाकाठ

धंदा करणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो. जड जातीचं पिल्लू घ्यायचं की हलक्या जातीचं, हे पाळणाऱ्यानंही बघावं. मांसासाठी वाढवलेली रुंद छातीची पांढरी जात झपाट्यानं वजन घेते आणि वय वाढलं की पायांवर भार येतो. बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेची 'कारी विराट' त्याच धाटणीची. चेन्नईच्या नंदनम केंद्राची 'नंदनम टर्की-१' देशी काळी आणि बेल्ट्सव्हिल स्मॉल व्हाइट यांच्या संकरातून झालेली, ती हलकी आणि आपल्या हवेला सोसणारी. परड्यात वर्षानुवर्षं ठेवायला हलकी बरी. ढब्बू देशी वळणाचा दिसतोय, त्याचा जोडीदारही तसाच बघा.

गुरांचा_डॉक्टर

दुसरं पिल्लू आलं की पहिल्या दिवशी एकत्र सोडू नका. मध्ये जाळी ठेवा, एकमेकांना दिसू द्या, आवाज ऐकू द्या. दोन आठवडे तरी खाद्य-पाणी वेगळं. विष्ठा बघत राहा.

लसीचंही याच वेळी उरकून घ्या. मानमोडी आणि देवी या दोन लसी चुकवू नका. बाजारातून आलेल्या पिल्लाला काय दिलंय कळत नाही, म्हणून वेळापत्रक पलूसच्या दवाखान्यात विचारून ठरवा. लसीची कुपी एकदम शंभर-दोनशे मात्रांची येते आणि पाण्यात मिसळली की दोन तासांत संपवावी लागते. तेव्हा वाडीतल्या चार-पाच घरांनी एक दिवस ठरवा, सगळ्यांच्या कोंबड्यांचंही होऊन जाईल. जाणं जमत नसेल तर १९६२ वर फोन करून फिरत्या पथकाची चौकशी करा. वर साताऱ्याकडच्या वाचकांसाठी, शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात पक्षी दाखवता येतो.

अजिंक्यतारा

डॉक्टर, अंधांत्राचं वाचून मित्राला फोन केला. तो आता टर्क्यांना वेगळा वाफा करतोय. आभार.

जरा विषयांतर, पण ढब्बूच्या घरच्यांना आवडेल. हा पक्षी मूळचा अमेरिकेतला, मेक्सिकोतल्या लोकांनी तो माणसाळवला आणि सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी युरोपात नेला. आपल्याकडं १६१२ मध्ये मुकर्रब खानानं जहांगीर बादशहासाठी गोव्याहून जे नवलाईचे प्राणी आणले, त्यांत टर्की होती. बादशहानं आठवणींत लिहून ठेवलंय की हिच्या डोक्याचे आणि गळ्याचे रंग सारखे बदलतात. त्यानं तिचं चित्रही काढून घेतलं, मन्सूर चित्रकाराकडून. ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. चित्रात चोचीवरचा तो लोंबणारा कोंब, गळ्याची लाल-निळी कातडी, सगळं इतकं बारकाईनं रंगवलंय की जात ओळखावी.

कृष्णाकाठची

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितेय. जून लागला, वळवाचे दोन जोरदार पाऊस झाले.

माणदेशी दादांमुळं दुसरं पिल्लू आलं, काळपट रंगाचं, नाव 'मिरी'. जाळीपलीकडून आवाज आला तसा ढब्बू ओरडायचा थांबला. आता दोघं एकमेकांना चिकटून असतात. चिक्कूच्या सावलीत धुळीत लोळतात, पंख पसरून माती अंगावर उडवतात. सासूबाईंनी जाळीशी बसून पालेभाजी निवडायला घेतली की मिरी डोकं तिरकं करून एका डोळ्यानं जुडीकडं बघत राहते, आणि देठ पडला रे पडला की उचलते.

ढब्बूचं डोकं उघडं पडलंय. येरळाकाठ दादांनी सांगितलं नसतं तर मी नक्की दवाखाना गाठला असता. चिडला की लाल, शांत असला की निळसर पांढरं. चोचीवरचा कोंब आता आखडतो आणि लांबतो. पिसं फुलवून, पंख जमिनीला घासत चालतो. मिरीचा कोंब तेवढाच बारीक राहिलाय. म्हणजे ढब्बू नर आणि मिरी मादी असंच ना? आणि पावसाळ्याचं काय? आमच्याकडं २०१९ च्या पुरात पाणी गोठ्यापर्यंत आलं होतं.

येरळाकाठ

हो, नर-मादीच. लहानपणी माद्याही कधी कधी पिसं फुलवतात, म्हणून मी नुसत्या त्यावर भरवसा ठेवत नाही. पण कोंबाची लांबी, डोक्याचा रंग आणि आवाज जुळले की शंका राहत नाही. ढब्बू 'गडगडगड' करायला लागला असेल, ते नरच करतो. विष्ठेवरूनही कळतं. नराची लांबट, टोकाला वळलेली पडते, मादीची गोलसर गोळा होऊन. पुढं नराच्या छातीवर राठ केसांची दाढी फुटेल.

दुसऱ्या पुरुषाला, पाहुण्याला बघून तो फुलून अंगावर येत असेल तर त्याला मारू नका आणि पळूही नका, त्यानं तो आणखी चेकाळतो. जागेवर उभं राहून घमेलं किंवा झाडू मध्ये धरायचा आणि शांतपणे त्याला बाजूला सारायचं. लहान मुलांना एकटं जाळीत पाठवू नका. मिरी सोबत असल्यानं त्याचं लक्ष माणसावर कमी राहील.

आजीचं_खुराडं

पावसाचं मी सांगते. मोठ्या टर्कीला पाऊस सोसतो, ओल सोसत नाही. खाली चिखल नको. नदीच्या अंगाला आहेस तर रात्रीचा निवारा जोत्यावर कर, मुरूम टाकून जमीन उचल, वर पत्रा आणि पावसाच्या बाजूनं ताडपत्री. बसायला आडवी बल्ली लाव, पण गुडघ्यापेक्षा फार उंच नको, जड पाखरू उडी मारून उतरताना पाय मुरगळून घेतं. बल्ली मनगटाएवढी जाड हवी. रात्री दार बंद, कडी पक्की. मुंगूस आणि बोका जाळीतून पिल्लू ओढत नाहीत असं समजू नकोस, खालची दोन फूट जाळी बारीक भोकाची घाल आणि वीतभर जमिनीत गाड.

पुराचा इशारा आला तर पाखरांची सोय आधी ठरवून ठेव. दोन मोठी डालगी आणि उंचावरच्या एका घराशी बोलणं, एवढं आत्ताच कर. त्या वेळी घाईत सुचत नाही.

रानपाखरू

ताई, तुमच्या भागात द्राक्षबागा आहेत. फवारणी झालेल्या बागेत त्यांना चरायला सोडू नका, आणि बागेतला काढलेला पालाही घालू नका. मिरी हलकी असेल तर कुंपणावरून उडेल. एका बाजूच्या पंखाची मोठी पिसं कातरली की तोल जातो आणि उडता येत नाही. पिसं पूर्ण वाढल्यावरच कातरा. वाढत्या पिसाच्या देठात रक्त असतं, ते कापलं तर दुखतं आणि रक्त वाहतं. पिसं झडली की नवी येतात, तेव्हा परत बघावं लागेल.

कृष्णाकाठची

जोत्यासाठी मुरमाची ट्रॉली सांगितली आहे, यजमान उद्या बारीक जाळी आणतील. डालगी घरात आहेत. वरच्या आळीतल्या चुलतसासूबाईंशी बोलून ठेवलं, त्यांचा माळा रिकामा आहे.

एक शेवटचं. मिरी अंडी कधी घालेल? आणि घातली तर उबवायला ठेवावीत का?

गुरांचा_डॉक्टर

साधारण ३० आठवड्यांच्या पुढं, आणि दिवस मोठे व्हायला लागले की जास्त. म्हणजे तुमच्याकडं बहुधा थंडी सरताना. अंडं कोंबडीपेक्षा मोठं, ८५ ग्रॅमच्या आसपास, फिकट रंगावर तपकिरी ठिपके. त्याआधी निवाऱ्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात तूस घालून एक खोका ठेवा, नाही तर ती झुडपात जागा शोधेल.

मिरी खुडूक बसली तर २८ दिवस लागतात, कोंबडीपेक्षा आठवडा जास्त. गावठी कोंबडीखालीही उबवतात, पण तिनं पिल्लं वाढवली तर परत तोच जंताचा धोका. तेव्हा मिरीलाच बसू द्या. किती पिल्लं आयुष्यभर सांभाळता येतील ते घरात आधी ठरवा आणि तेवढीच अंडी ठेवा, बाकीची खा. आणि पावसाचा जोर वाढण्याआधी दोघांच्या विष्ठेचा नमुना वेगवेगळ्या डबीत घालून पलूसला तपासायला द्या. सकाळचा ताजा हवा.

कृष्णाकाठची

सोमवारी देते. निकाल आला की इथंच लिहीन.